स्टेपनी खाली उतरते का? पिकअपवाल्यांनो, अनुभव लिहा

माल भरलेल्या पिकअपचा मागचा टायर बसला की गाडी त्या बाजूला एवढी खचते, की हौद्याखाली टांगलेली स्टेपनी बाहेर ओढायला जागाच उरत नाही. आधी जॅक लावा, गाडी उचला, मग स्टेपनी काढा. त्यात जॅक सीटमागे ताडपत्री आणि दोरखंडांच्या ढिगात गाडलेला असला, म्हणजे झालंच. स्टेपनीचा विषय निघाला की सगळे टायरबद्दल बोलतात. मला विचाराल तर टायर निम्मा; उरलेली निम्मी गोष्ट ती कशाला टांगलीय, त्या साखळीची आणि बोल्टची. म्हणून हा धागा.

आमचा नारायणगावचा टोमॅटो वाशीला जातो. घरच्या पिकअप आहेत, त्यांचा हिशेब आणि देखभाल माझ्याकडे. तुम्ही स्टेपनी कुठे ठेवता, हवा किती ठेवता, कधी उतरवता, चोरीला गेली का, सगळं लिहा. छोटा हत्तीवालेही या. कंपनीचं पुस्तक आमच्याकडेही आहे, ते नको.

सुरुवात मीच करते. ऑइल बदलायच्या दिवशी आमच्याकडे स्टेपनी खाली उतरते म्हणजे उतरतेच. गाडी तशीही उभी असते आणि मिस्त्रीचे हात आधीच काळे झालेले असतात. साखळी पूर्ण सोडायची, तारेच्या ब्रशने माती काढायची, आट्यांना ग्रीस लावायचं. हवा मागच्या टायरला भरल्या मालाची जेवढी, त्याहून चार-पाच पौंड जास्त. रस्त्यात जास्तीची हवा खिळ्याने व्हॉल्व्ह दाबून सोडता येते. कमी पडली तर माळशेजात कॉम्प्रेसर कुठून आणणार? टायर चढवताना व्हॉल्व्ह खालच्या बाजूला येईल असा चढवला, तर मधल्या काळात नुसतं वाकून हवा तपासता येते. सगळ्या गाड्यांत तसा बसत नाही, आमच्यात बसतो.

रत्नागिरी, मासळीची गाडी

ताई, साखळीचं बोललात ते शंभर टक्के. आम्ही मिरकरवाड्यातून मासळी भरतो. बर्फ वितळला की खारं पाणी हौद्याच्या फटींतून थेट स्टेपनीवर. टायरला त्याचं काही होत नाही, पण डिस्क, म्हणजे टायर बसतो ती लोखंडी रिंग, गंजून खाल्ली जाते. टायरची कड जिथे डिस्कवर बसते तिथे गंजाचे पापुद्रे धरतात आणि ट्यूबलेसची हवा त्यातून हळूहळू निघून जाते. पंक्चरवाला पाण्यात बुडवून खिळा शोधत बसतो, खिळा नसतोच. डिस्क घासून रंगवून घेतली की हवा टिकते.

आंबा घाटात आमच्या ड्रायव्हरने पाना लावला तर बोल्टच्या कडा गोल होऊन गेल्या, पण बोल्ट हलला नाही. साखरप्याहून हॅक्सॉ ब्लेड मागवून साखळी कापली. तोवर वरचा बर्फ किती राहिला असेल ते मासळीवाल्यांना सांगायला नको.

आता स्टेपनी केबिनच्या मागे, हौद्यात उभी, पट्टीला बोल्टने आवळलेली. दोन क्रेटची जागा जाते, जाऊ दे. हौद्यातलं पाणी नळी लावून मागच्या बाजूला काढलंय. परत आल्यावर खालून गोड्या पाण्याचा फवारा.

मिशिगन

रत्नागिरीकर, तुमचं खारं पाणी माझ्याकडे रस्त्यावरच असतं. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून इथे रस्त्यांवर मीठ टाकतात आणि गाडीचा खालचा भाग त्यात न्हाऊन निघतो. इकडच्या पिकअपला साखळीऐवजी बहुधा तारेचा दोर असतो. मागच्या बंपरपाशी एक भोक असतं, त्यातून जॅकच्या कांड्या एकमेकींत बसवून आत घालायच्या आणि फिरवायच्या, की टायर दोरावरून जमिनीवर येतो. ऐकायला झकास. दोर गंजला की कांडी फिरते, टायर जागचा हलत नाही.

ही काही एकट्यादुकट्याची रड नाही. २००९ साली टोयोटाने थंड राज्यांतल्या २००० ते २००३ च्या टुंड्रा पिकअप परत बोलावल्या, सुमारे १ लाख १० हजार. चासीचा मागचा आडवा भाग गंजून त्यावर टांगलेली स्टेपनी चालत्या गाडीतून रस्त्यावर पडू शकते, हे कारण. मागून येणाऱ्याने काय करायचं!

मी बर्फ सुरू व्हायच्या आधी आणि संपल्यावर टायर पूर्ण खाली सोडतो, दोर शेवटपर्यंत बाहेर काढून पुसतो, वंगण मारतो. वर चढवल्यावर हाताने हलवून बघतो. लोंबता राहिला तर प्रत्येक खड्ड्याला दोराला हिसका बसतो.

काटोल, संत्रा

आमच्याकडे गंजाचं नाही भाऊ, उन्हाचं भेव. स्टेपनी केबिनवरच्या कॅरिअरला बांधली होती, काढायला सोपी म्हणून. विदर्भातलं ४५ डिग्रीचं ऊन बारा महिने नसलं तरी एक मे महिना पुरतो. टायर एक किलोमीटर चालला नव्हता, नक्षी नवीकोरी, आणि बाजूच्या भिंतीवर बारीक बारीक भेगा. नख घातलं की उघडत होत्या.

तेव्हापासून मी नक्षी बघत नाही, तारीख बघतो. टायरच्या बाजूला डॉट (DOT) अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिचे शेवटचे चार आकडे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. चालो न चालो, रबर म्हातारं होतंच. दहा वर्षांच्या वर टायर वापरू नका, स्टेपनी असली तरी, असं टायर कंपन्याच सांगतात. मी सहाव्या वर्षापासूनच त्याच्याकडे संशयानं पाहतो. स्टेपनी अजून वरच आहे, पण जुन्या ताडपत्रीचा अंगरखा शिवून घातलाय.

भिवंडी, गोदामाची भाडी

चोरीचं मी लिहितो. खाली टांगलेली स्टेपनी काढायला एक पाना आणि दहा मिनिटांचा अंधार पुरतो. आमच्या लाइनीतल्या एकाने वैतागून नट वेल्डिंग करून टाकला. चोर हरला, पण पंक्चर झाल्यावर मालकही हरला.

मी डिस्कच्या भोकातून साखळी ओवून कुलूप लावलंय. चिखलाने कुलूप जाम होतं, त्यावर इलाज असा: सायकलच्या ट्यूबचा वीतभर तुकडा कापायचा, कुलूप त्यात सरकवायचं, खालचं तोंड तारेने बांधायचं. आत थोडं ऑइल. किल्ली गाडीच्या किल्लीच्याच जुडग्यात. घरी ठेवलेली किल्ली कसाऱ्याला काय कामाची?

कोल्हापूर

तुम्ही सगळे टांगायचं बोलताय, पण टांगताय काय ते सांगा की. आमच्याकडं रीत अशी, नवीन टायर घेतला की झिजून गोटा झालेला स्टेपनीला. म्हणजे गाडीतला सगळ्यात मेलेला टायर सगळ्यात अडचणीच्या वेळी बाहेर काढायचा! मी पाची टायर फिरवतो. स्टेपनी मागं येते, मागचा पुढं येतो. पाचही सारखे झिजतात आणि त्या निमित्तानं स्टेपनी खाली उतरतेच.

दुसरं, टायरचं माप बदललं असेल तर स्टेपनीचंही बदला. मोठे टायर घालायचे आणि खाली जुनं छोटं माप ठेवायचं, हे बघवत नाही भावा. मागच्या एका चाकाला छोटा टायर लागला की दोन्ही चाकांचे फेरे सारखे पडत नाहीत, डिफरन्शियल सरळ रस्त्यावरसुद्धा सतत काम करत राहतं आणि तापतं. नाइलाजानं लावलाच तर पंक्चरच्या दुकानापर्यंत सावकाश न्यायची गाडी, घरापर्यंत नव्हे.

कुडाळ, छोटा हत्ती

माझी गाडी लहान, टायर बारा इंची, एकटा उचलतो, त्यामुळे स्टेपनीचं फार कौतुक नाही. माझी भानगड जॅकची. पावसात रस्त्याची बाजूपट्टी इतकी मऊ होते की गाडी वर जाण्याऐवजी जॅकच खाली जातो. सीटखाली फणसाच्या लाकडाची जाड फळी ठेवलीय, फूटभर लांब-रुंद. जॅक तिच्यावर. तिरक्या कोपऱ्यातल्या चाकाला अडवायला दोन लाकडी ठोकळे वेगळे.

अजून एक. टॉमी (पाना फिरवायची दांडी) गाडीबरोबर येते ती आखूड असते. कारखान्यात मशीनने आवळलेले नट तिने सुटत नाहीत, मग लोक पान्यावर उभे राहून उड्या मारतात. दोन फुटी पाइपचा तुकडा टॉमीवर चढवायला ठेवा. आणि नट गाडी उचलायच्या आधी, चाक जमिनीवर असतानाच ढिले करा.

ताई, तुमच्याकडे साखळी बदलली तेव्हा कंपनीची घेतली की बाजारातली? माझी लांबलीय, कड्या झिजल्यात, आणि दुकानदार म्हणतो नुसती साखळी मिळत नाही, पूर्ण सेट घ्या.