दादऱ्याचे १६ तुकडे करू नका
तबल्याच्या लूपचे (सतत फिरणाऱ्या रेकॉर्डिंगचे) सरळ १६ समान तुकडे करून सॅम्पलरच्या पॅडवर टाकायचे असा सल्ला देतात, ते केरवा तालाला मस्त चालतं, ८ मात्रा म्हणजे मात्रेला दोन तुकडे. पण दादरा ताल ६ मात्रांचा, त्याचे १६ केले की दुसरी मात्राच तिसऱ्या तुकड्याच्या दोन-तृतीयांशावर पडते आणि मग कितीही ट्रिम करा, ठेका लंगडतोच. मी एमपीसीवर (पॅडवाल्या सॅम्पलरवर) १२ तुकडे करतो, मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत आवर्तन (तालाचा एक पूर्ण फेरा) ३ सेकंदांचं, म्हणजे तुकडा पाव सेकंदाचा. सिक्वेन्सचा टाइम सिग्नेचरही आधी ३/४ करून दोन बार ठेवा, तो ४/४ वरच राहिला तर ओव्हरडब करताना (वरून आणखी थर रेकॉर्ड करताना) सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, सरकत जाते.

आणि मला सगळ्यात जास्त छळलं ते डग्ग्याने, म्हणजे डाव्या हाताच्या खर्जाच्या तबल्याने. त्याची घुमक पुढच्या तुकड्यात सांडते, तिथेच कापली की कानाला फार बोचतं. आता उजव्या तबल्याचे तुकडे एका म्यूट ग्रुपमध्ये (एक वाजला की आधीचा थांबतो) ठेवतो, डग्गा वेगळा रेकॉर्ड करून ग्रुपच्या बाहेर वन शॉटवर (एकदा दाबला की शेवटपर्यंत वाजतो), आणि तो दुसऱ्या पासला क्वांटाइझ (ठोके आपोआप नेमक्या जागी बसवणं) बंद करून हाताने वाजवतो. डग्ग्याची मींड (सूर घसरत जाणं) पूर्ण ऐकू येते हो, खरंच करून बघा!