अनुभव धागा : डोक्याच्या ‘टेस्टिंग’ला गेलात तेव्हा नेमकं काय काय झालं?

डॉक्टर चिठ्ठीवर ‘न्यूरोसायकॉलॉजिकल असेसमेंट’ (म्हणजे आठवण, लक्ष, भाषा अशा मेंदूच्या कामांची तपासणी) लिहून देतात आणि पुढच्या पेशंटला हाक मारतात. घरी आल्यावर एक जण म्हणतो शॉक देतात, दुसरा म्हणतो वेड्याचं सर्टिफिकेट हातात ठेवतात. जालना असो की धाराशिव, सगळीकडं हीच गत. ज्यांनी स्वतःची किंवा घरच्या कोणाची ही तपासणी करून घेतली, त्यांनी लिहा. किती वेळ लागला, काय करायला लावलं, सोबत काय न्यावं, रिपोर्टचा पुढं काही उपयोग झाला का.

एक विनंती. तिथले नेमके शब्द, चित्रं, आकडे इथं टाकू नका. पाठ करून गेलेल्या माणसाचे गुण चांगले येतील, पण आजार झाकलेलाच राहील. प्रकार सांगा, प्रश्न नको.

मोंढ्यातली लेक, परभणी

माझे अप्पा आडतीवर मुनीम होते. तोंडी हिशोब असा, की कॅल्क्युलेटरवाला मागं पडावा. दिवाळीनंतर मात्र तेच ते विचारायला लागले, वसूल झालेली उधारी परत मागायला लागले. न्यूरोलॉजिस्टनं आधी बी-१२, थायरॉइड अन् एमआरआय करून घेतलं, मग संभाजीनगरला एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडमकडं पाठवलं.

मॅडमनी आधी मला एकटीला बसवलं. कधीपासून, हळूहळू की एकदम, पैसे सांभाळतात का, रस्ता चुकतात का, झोप कशी, भास होतात का, दारू. अप्पांसमोर यातलं निम्मं माझ्या तोंडून निघालं नसतं. नंतर अप्पा आत, मी बाहेर. दार लोटलेलं होतं, त्यामुळं बरंचसं ऐकू येत होतं. आकडे ऐकून तसेच म्हणायचे, त्यात अप्पा खणखणीत. तेच उलटे म्हणा म्हटल्यावर, “उलटा हिशोब चोर करतात, बाई!” मॅडम हसल्या, पण काम सोडलं नाही. ठोकळे जुळवून नक्षी करायची, कागदावरचे आकडे क्रमानं रेघेनं जोडायचे, मिनिटभरात आठवतील तितकी नावं सांगायची, असं बरंच काही. सुई नाही, मशीन नाही, उपाशीपोटी जायची गरज नाही.

मध्येच एक छोटी गोष्ट ऐकवली होती. अप्पांनी ती लगेच बऱ्यापैकी परत सांगितली. मग चहा झाला, दुसरी कामं झाली. अर्ध्या तासानं मॅडम म्हणाल्या, मघाची गोष्ट सांगा बरं. अप्पांनी टोपी सारखी केली. “कोणती गोष्ट? तुम्ही कुठं काय सांगितलं?” खुणेचे शब्द देऊनही काही आलं नाही.

रिपोर्ट समजावताना मॅडमनी तिथंच बोट ठेवलं. उदासीत किंवा वयानं माणूस अडखळतो, पण खूण दिली की बऱ्याचदा आठवतं. अप्पांच्या डोक्यात ती गोष्ट साठलीच नव्हती. हिशोब शाबूत म्हणून घरातले सगळे म्हणायचे, त्यांना काय धाड भरलीय. आता बँकेचं भाऊ बघतो, गोळ्या मी देते.

औसेकर

ताई, तुमच्या अप्पांचं बरं झालं, ते लिहिणारे-वाचणारे. आमच्या आजीनं शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. पहिल्या ठिकाणी तिच्या हातात पेन देऊन घड्याळ काढ म्हणाले. आजी म्हणाली, “मला खुरपं द्या, सरी काढून दावते.” गुण पडले कमी अन् कागदावर डिमेन्शियाची, म्हणजे स्मृतिभ्रंशाची शंका. मला ते पटलंच नाही.

दुसऱ्या ठिकाणच्या सरांनी आधी विचारलं, आजी किती शिकल्यात? आपल्याकडं निरक्षर माणसांसाठी बदलून घेतलेल्या चाचण्या आहेत. हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन त्यातलीच. सरांनी त्या धर्तीवर सगळं मराठीत, सावकाश, कानाजवळ जाऊन विचारलं. रोजचं कामही विचारलं. यंदा येळवशीला (वेळ अमावस्येला) कोण कोण आलं होतं, भज्जी कोणी केली. पडताळायला मी शेजारी होतो, एक नाव चुकलं नाही. शेवटी निघालं काय, तर ऐकू कमी येतंय आणि आजोबा गेल्यापासून मन उदास आहे. चष्मा, कानाचं मशीन घरी विसरून कोणी जाऊ नका. नाहीतर तपासणी कानाची होते अन् नाव डोक्याचं.

फिटवाला, हिंगोली

माझी ऑपरेशनच्या आधी झाली, मुंबईत. फिट मेंदूच्या ज्या भागातून येते तो काढला तर बोलणं किंवा आठवण किती धोक्यात येईल, हे त्यावरून आणि बाकीच्या तपासण्यांवरून ठरवतात. आदल्या रात्री फिट आली असेल तर लपवू नका, तारीख बदलून मिळते.

दहावीची आई, लातूर

आमच्याकडं पोरगं आठवीत गेलं की सगळं गाव त्याला डॉक्टर करायला निघतं. माझा मुलगा बोलायला तरबेज, पण पेपरात अक्षरं उलटी, ओळी गायब. शिकवणीवाले म्हणायचे, आळशी आहे, हात उचला. तपासणीआधी डोळे आणि कान बघून आणायला सांगितलं, शाळेच्या वह्या अन् वर्गशिक्षकांचं पत्र मागितलं. बुद्ध्यांक वेगळा काढला. वाचन, श्रुतलेखन, गणित वेगळं. एका बैठकीत उरकत नाही, पोरं कंटाळतात. निकाल असा, की बुद्धी सरासरीच्या वर आणि वाचन दुसरीतल्या पोराएवढं. त्या दिवशी त्याचे बाबा पहिल्यांदा गप्प बसले.

यालाच अध्ययन अक्षमता म्हणतात, बुद्धी असून वाचन-लेखनात अडणं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ती आहे. बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक मिळतो. पण खाजगी रिपोर्टवर नाही, सरकारी दवाखान्याचं प्रमाणपत्र लागतं. नववीतच मागं लागा.

ऊसपट्ट्यातला, बीड

ऊसाच्या ट्रॉलीवर धडकलो, रात्रीची वेळ, ट्रॉलीला मागं साधा रेडियमचा तुकडा नव्हता. सीटी स्कॅन पुढं नॉर्मल आला. तरी दुकानात गिऱ्हाईक समोर असताना फोन वाजला की दोन्हीकडचं चुकायचं, आणि राग लई. लोक म्हणायचे, रिपोर्ट नॉर्मल आहे मग काहून नाटक करायला?

या तपासणीत ते नाटक नाही हे दिसलं. लक्ष दोन ठिकाणी वाटायचं काम आलं की माझा वेग निम्म्यावर. सकाळी सुरू केलं, दुपारपर्यंत डोकं भणभणलं, रडकुंडीला आलो. सरांनी नंतर सांगितलं, चाचणी अवघड होत जाते ती मुद्दाम, प्रत्येक जण कुठंतरी अडतोच. पास-नापास नाही. पुन्हा तपासायला त्यांनी बऱ्याच महिन्यांनी बोलावलं, लवकर घेतली तर सरावानंच गुण वाढतात म्हणे. तपासणी करून घरी परतताना मोटारसायकल स्वतः चालवू नका, कोणाला तरी सोबत न्या.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, नांदेड

वाचतेय. थोडी भर घालते. तपासणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडं नोंदणीकृत आहे का, हे बिनधास्त विचारा. चौथी शिकलेल्याची तुलना पदवीधराशी करायची नसते, म्हणून शिक्षण खरं सांगा, वाढवून नको. चालू गोळ्यांची यादी आणा. झोपेची गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका, आधी फोन करा. नातेवाईक मागून उत्तर पुरवतात, हा माझा रोजचा ताप. म्हणून आम्ही तुम्हाला बाहेर बसवतो, राग मानू नका. आणि केवळ गुणांवर निदान होत नाही. स्कॅन, रक्त, घरच्यांचं सांगणं, सगळं एकत्र बघावं लागतं. रिपोर्टला आठवडा-दोन आठवडे जाऊ शकतात. तो घेऊन नुसते निघून जाऊ नका, समजावून सांगायची वेळ मागून घ्या.

सेलूची सून

सासरे दिवसातून दहादा किल्ल्या शोधायलेत, पण यायलाच तयार नाहीत. मला वेडा ठरवता काय म्हणतात. काय सांगून न्यावं?

औसेकर

आम्ही आजीला कान तपासायला म्हणून नेलं होतं. चाललं.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, नांदेड

दादा, तुमचं निभावलं, पण मी हा सल्ला देणार नाही. आत आल्यावर कळतंच. मग माणूस रुसतो, उत्तरं टाळतो, आणि रुसव्यातले गुण आमच्या काही कामाचे नसतात. वहिनी, विसरण्याचं कारण शोधायचंय, काही कारणं औषधानं बरी होतात, एवढं खरं सांगा. ज्या डॉक्टरांचं ते ऐकतात त्यांच्याच तोंडून निघालं तर आणखी बरं. वेळ सकाळचीच मागा आणि नाश्ता करून या.