अनुभव धागा: आपल्या छोट्या संकेतस्थळावर माणसे कशी आली?

गोव्यातील जत्रांची माहिती देणारे एक लहानसे संकेतस्थळ मी पणजीहून चालवतो. पहिली दोन वर्षे रोज सकाळी भेटींचा आकडा पाहायचा आणि तो वाढलेला दिसला की खूश व्हायचे, असा माझा क्रम होता. पुढे सर्व्हरवरील नोंदी एकदा नीट वाचल्या, तेव्हा कळले की त्यातील मोठा भाग गूगलसारख्या शोधयंत्रांच्या आणि इतर स्वयंचलित प्रोग्रॅमांच्या फेऱ्यांचा होता. खरे वाचक मूठभर, आणि त्यांपैकी बहुतेक शिरगावच्या श्री लईराई देवीची जत्रा कधी आहे एवढेच पाहायला आलेले. मी मात्र देवीची कथा आधी सांगून तिथी अगदी शेवटी, तीही केवळ ‘वैशाख शुद्ध पंचमी’ एवढीच दिली होती. त्या वर्षीची इंग्रजी तारीख पहिल्या ओळीत आणल्यावर आलेली माणसे थांबू लागली आणि कथाही वाचू लागली. जाहिरातीवर पैसे न घालता आपल्याकडे वाचक कसे आले, किंवा काय केल्यावरही आले नाहीत, ते तपशिलाने लिहावे, ही विनंती. फसलेले प्रयोग विशेष आवडीने वाचीन.

फोंड्याहून, एक शिक्षिका

माझे स्थळ माटोळीला, म्हणजे चतुर्थीला गणपतीच्या वर टांगायच्या लाकडी चौकटीला, बांधायच्या रानफळांविषयी आणि वनस्पतींविषयी आहे. मुख्य लेखाला मी ‘निसर्गाचा उत्सव’ असे शीर्षक दिले होते आणि ते मला फार आवडतही होते. वर्षभर तिकडे कोणी फिरकले नाही. मुलाने गूगल सर्च कन्सोल जोडून दिले. ते मोफत आहे, आणि लोक कोणते शब्द टाइप करतात तेव्हा आपले पान यादीत दिसते, कितव्या क्रमांकावर दिसते आणि किती जण त्यावर बोट ठेवतात, हे त्यात कळते. लोक शोधत होते ‘माटोळीचे सामान’, ‘माटोळी यादी’ आणि ‘कांगलां म्हणजे काय’. माझे पान त्यांना दिसत होते, पण तिसऱ्या-चौथ्या पानावर, आणि तेही अशा शीर्षकाने की त्यात माटोळी हा शब्दच नव्हता.

शीर्षक बदलले. प्रत्येक वनस्पतीला स्वतंत्र उपशीर्षक, आमच्याकडील नाव, मराठी पुस्तकांत आढळणारे नाव आणि मी स्वतः काढलेले छायाचित्र दिले. दुसरी चूक अधिक महागात पडली होती. दरवर्षी चतुर्थीला मी नवे पान लिहीत असे, त्यामुळे जुन्या पानाने कमावलेले स्थान वाया जाई आणि माझीच चार पाने एकमेकांशी स्पर्धा करीत. आता पत्ता एकच ठेवते आणि त्याच पानात भर घालते. सर्च कन्सोलमध्ये सोळा महिन्यांची माहिती राहत असल्यामुळे गेल्या चतुर्थीशी या चतुर्थीची तुलना करता येते, आणि हंगामी विषयात तीच तुलना खरी. गणपतीतले आकडे मार्गशीर्षातल्या आकड्यांशी ताडून निराश होण्यात अर्थ नाही.

म्हापशाहून, एका नाट्यमंडळाचे जुने कार्यकर्ते

आमच्या मंडळाच्या स्मरणिका आम्ही मोठ्या उत्साहाने संकेतस्थळावर ठेवल्या. गावोगावच्या जत्रांतून झालेली नाटके, त्यांतील पात्रे, पडदे रंगवणारे आणि पेटी वाजवणारे, अशी सगळ्यांची नावे त्यांत आहेत. तरीही गूगलमध्ये आमच्याच अध्यक्षांचे नाव घातले तर आमचे स्थळ सापडत नसे. कारण समजायला सहा महिने गेले. अर्धा मजकूर युनिकोडपूर्वीच्या, म्हणजे सर्व संगणकांना समजणारी अक्षरांची एकच संकेतपद्धती रुळण्याआधीच्या, फॉन्टमध्ये टंकलेला होता. डोळ्यांना ती देवनागरी दिसते, पण संगणकाच्या दृष्टीने आत रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी असते, आणि शोधयंत्र ती खिचडीच वाचते. उरलेला अर्धा मजकूर म्हणजे पानांची स्कॅन केलेली चित्रे होती.

फॉन्ट बदलून देणारी साधने मिळतात, परंतु ती जोडाक्षरांत आणि रफारांत घोटाळे करतात, आणि आडनावात चूक राहिली तर सगळा खटाटोप व्यर्थ. म्हणून आम्ही संपूर्ण स्मरणिकांच्या मागे न लागता आधी केवळ नामावल्या युनिकोडमध्ये टंकल्या. सत्तरी ओलांडलेल्या तीन सभासदांनी त्या तपासल्या, आणि चहासोबत जुनी भांडणेही उकरून काढली. त्यानंतर जे वाचक आले, त्यांची आम्हाला कल्पनाच नव्हती: मुंबईत स्थायिक झालेल्या गोमंतकीय कुटुंबांतील मंडळी, जी आजोबांचे नाव सहज शोधून पाहत होती. त्यांपैकी काहींनी घरातील छायाचित्रे पाठवली. ती लावल्यावर आणखी नातेवाईक आले. संख्या आजही लहानच आहे.

काणकोणहून, घरगुती निवासव्यवस्था चालवणारी

आमचे पाहुणे बाहेरचे असल्यामुळे माझे स्थळ इंग्रजीत आहे. गावाचे नाव आपण बोलतो तसे रोमनमध्ये लिहिले होते, परंतु नकाशावर, रेल्वेच्या आरक्षणात आणि पर्यटकांच्या तोंडी पोर्तुगीज वळणाचे ‘कॅनाकोना’च आहे. ही अडचण गोव्यात सगळ्यांची आहे: साखळीचे ‘सँक्वेलिम’ होते, केप्याचे ‘क्वेपेम’. दोन्ही रूपे वाक्यात सहज येतील अशी घातली. नुसत्या नावांची रास पानाच्या तळाशी ओतू नये, तिचा उपयोग होत नाही.

खरा फरक मात्र एका वेगळ्याच पानाने पडला. जानेवारी २०२३ मध्ये मोपा विमानतळावरून उड्डाणे सुरू झाल्यावर आमच्याकडे येणारे लोक स्वस्त तिकीट पाहून मोपाचे आरक्षण करीत आणि मग रात्री दहा वाजता फोन करून विचारत की अजून किती लांब आहे. मोपा पेडण्यात, म्हणजे राज्याच्या उत्तर टोकाला, आणि आम्ही दक्षिण टोकाला. रोज फोनवर देत असलेले उत्तरच मी लिहून काढले: दाबोळी विमानतळ घ्यावा की मोपा, टॅक्सीला साधारण किती वेळ लागतो, मडगावहून बस आणि रेल्वे कशी मिळते. आज माझ्या स्थळावर सर्वाधिक वाचले जाणारे पान तेच आहे, खोल्यांचे नव्हे. छायाचित्रेही लहान केली, कारण पाच-पाच एमबीची चित्रे पावसाळ्यातल्या आमच्या नेटवर्कवर मलाच उघडत नव्हती. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा असा गूगलचा निकष आहे.

मडगावहून, एक दुकानदार

‘पहिल्या पानावर आणून देतो’ असे सांगणाऱ्याला मी पैसे दिले. महिनाभर भेटी वाढल्या, पण एकही चौकशी आली नाही. पाहिले तर सगळ्या भेटी दोन-तीन सेकंदांच्या आणि ज्या देशांशी माझा काडीचा संबंध नाही अशा देशांतून आलेल्या. शिवाय त्याने कुठल्याशा भलत्याच स्थळांवर माझे दुवे विकत घेऊन लावले होते, जे गूगलच्या नियमांविरुद्ध आहे. ते निस्तरणे अजून चालू आहे. पानाच्या आत दडवलेल्या ‘कीवर्ड’ टॅगचेही, म्हणजे वाचकाला न दिसणाऱ्या शोधशब्दांच्या यादीचेही, त्याने वेगळे पैसे लावले होते. तो टॅग क्रमवारीसाठी वापरत नसल्याचे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले आहे.

डिचोलीहून

थोडक्यात लिहितो. पानाचा पत्ता देवनागरीत ठेवला होता. व्हॉट्सअॅपवर पाठवताना त्याचे टक्क्यांच्या चिन्हांचे हातभर लांब शेपूट होई आणि लोकांना तो फसवणुकीचा दुवा वाटे. पत्ता छोटा रोमनमध्ये केला, मजकूर मराठीच ठेवला. आता लोक निःशंकपणे पुढे पाठवतात.

वास्कोहून

माझी चूक सांगायला लाज वाटते. वर्डप्रेसवर स्थळ तयार होत असताना ‘शोधयंत्रांनी नोंद घेऊ नये’ या चौकटीत खूण केली होती, ती अकरा महिने तशीच राहिली. त्या काळात मी लेखनशैली सुधारत होतो.

सत्तरीहून, काजू बागायतदार

फोंड्याच्या बाईंना एक प्रश्न आहे. मला काजूबिया आणि सोलांविषयी, म्हणजे आमसुलांविषयी, पान लिहायचे आहे. आमचा हंगाम साधारण मार्चपासून मेपर्यंतचा. पान केव्हा लावावे?

फोंड्याहून, शिक्षिका

ऐन हंगामात लावू नका, तोवर उशीर झालेला असतो. माझे पान वर यायला दोन-अडीच महिने लागले होते, म्हणून मोहोर दिसू लागला की लावून टाका आणि सर्च कन्सोलमधून त्याची नोंद मागा. मोहोराचे छायाचित्र तेव्हाच काढून ठेवा, नंतर ते मिळायचे नाही. आणि गिऱ्हाईक फोनवर पहिल्यांदा काय विचारते, ते कळवाल का? शीर्षक त्यावरूनच ठरवू.

सत्तरीहून, काजू बागायतदार

‘भाजलेल्या आहेत की कच्च्या, आणि किलोचा दर काय.’ याखेरीज कोणी काही विचारत नाही.