मदत हवी आहे : आईची शुगर आणि विसरणं

नमस्कार मंडळी. आम्ही जुळे सोलापूरला राहतो. आईला बरीच वर्षं शुगर आहे, मेटफॉर्मिनची गोळी आणि रात्रीचं इन्सुलिन चालू आहे. हल्ली ती फार विसरते. शेंगाची चटणी कुटताना मीठ घातलं का आठवत नाही, परत घालते. परवा पहाटे तर बोलणं अडखळत होतं, ब्लाऊज घामानं चिंब, माझ्याकडे अनोळखी माणसासारखी बघत होती. मशीनवर ५२ आली! साखरपाणी दिल्यावर हळूहळू भानावर आली. माझे हातपाय गळाले होते.

मेंदू मुख्यतः ग्लुकोजवरच चालतो, त्यामुळे शुगर ७० च्या खाली गेली की गोंधळ उडू शकतो. सतत जास्त राहिली तर मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. मेटफॉर्मिन खूप वर्षं घेतल्यावर बी-१२ व्हिटॅमिन कमी होऊ शकतं, त्यानंही स्मरणशक्तीवर परिणाम होतो. आमचे डॉक्टर मात्र "वय झालंय" एवढंच म्हणतात. मला ते पटत नाही, बी-१२ आणि थायरॉईड तरी तपासायला हवं ना?

सोलापुरात शुगर आणि विसरणं दोन्ही नीट बघणारं कोणी माहीत आहे का? दंडावर लावायचा सेन्सर कुणी वापरलाय का, रात्री शुगर उतरली तर अलार्म खरंच वाजतो का?

आणि सिद्धरामेश्वरांचा सोमवारचा उपवास ती काही केल्या बंद करत नाही, इन्सुलिन मात्र रोजचंच घेते. घरच्या मोठ्यांना तुम्ही कसं समजावलंत, तेवढं जरूर सांगा.