मदत हवी आहे: टोपी-टीशर्ट सोडून शेतकऱ्यांना कंपनीच्या नावाचं काय द्यावं?

नोझलवाला:
नमस्कार मंडळी. सांगलीत आमचा छोटा कारखाना आहे. द्राक्षबागेच्या ब्लोअरला (ट्रॅक्टरवरच्या औषध फवारणी यंत्राला) लागणारे नोझल बनवतो, माल कृषी सेवा केंद्रांतून जातो. ऑक्टोबर छाटणीच्या आधी शेतकऱ्यांना काहीतरी भेटवस्तू द्यायची आहे. हजार नग, छपाईसकट नगाला 60 रुपयांपर्यंत.

धाकट्या भावाचं म्हणणं, टोप्या काढू, बाजारात चार डोक्यांवर नाव दिसेल. माझं मन घेत नाही. तासगावच्या बाजूला कुठल्याही बागेत जा. मालकाच्या डोक्यावर बियाणे कंपनीची टोपी, अंगात खतवाल्याचा टीशर्ट, डब्याची पिशवी ठिबकवाल्याची. टोपीवर कुणाचं नाव आहे विचारलं तर काढून बघावी लागते!

मला मिशेलिनचा प्रकार आवडतो. 1900 साली फ्रान्समध्ये मोटारी मोजक्याच होत्या. टायर बनवणाऱ्या दोघा मिशेलिन भावांनी गाडीवाल्यांसाठी खिशात मावेल अशी पुस्तिका काढली आणि 35 हजार प्रती फुकट वाटल्या. टायर कसा बदलायचा, दुरुस्ती कुठे होते, मुक्काम कुठे करायचा, सगळं आत. माणूस हिंडला की टायर झिजणार, हिशेब साधा. रेस्टॉरंटना तारे देणारं आजचं गाइड ते हेच.

आमचा माल शेतकऱ्याला आठवतो तो नोझल चोकअप झाल्यावर. ओळीच्या मधोमध ट्रॅक्टर थांबवायचा, नोझल खोलायचं आणि तारेनं टोकरायचं. तारेनं भोक मोठं होतं, थेंब जाड पडतात, औषध जास्त जातं. काहीजण तर चक्क तोंडानं फुंकतात. म्हणून नायलॉनचा बारीक ब्रश द्यावा असं डोक्यात आहे, ट्रॅक्टरच्या चावीला अडकवता येईल असा. औषधाच्या हातांत छपाई टिकेल का? ब्रशच्या खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट (वजावट) मिळतं का? आणि याहून बरं काही सुचत असेल तर तेही सांगा.

शाई_आणि_साचा:
स्क्रीन प्रिंटिंग करू नका, एका हंगामात नाव पुसलं जाईल. प्लॅस्टिकची मूठ असेल तर साच्यातच अक्षरं उठवून घ्या. नवा साचा हजार नगांना परवडणार नाही, पण ब्रशवाल्याकडे तयार साचा असतो, त्यात तुमच्या नावाचा इन्सर्ट (साच्यात बसणारा सुटा तुकडा) बसवून देतो का विचारा. रंग भडक घ्या, केशरी किंवा पिवळा. काळा ब्रश बागेत पडला की गेलाच. आणि नावाखाली मोबाइल नंबरही उठवा, नाव बघून पुढे करायचं काय?

बागाईतदार:
दादा, ब्रश चांगला, पण चावीला नको. औषध लागलेला ब्रश खिशात जाणार, चावी घरात खुंटीला लागणार, तिथून पोरांच्या हातात. टाकीच्या झाकणाला अडकवायला छोटी साखळी द्या.

दुसरं म्हणजे पाण्याला रंग बदलणारा पिवळा कागद मिळतो. पानाला टाचून फवारणी केली की थेंब पडेल तिथे निळा ठिपका उमटतो. झिजलेल्या नोझलनं एकदा आणि तुमच्या नव्या नोझलनं एकदा मारून दाखवा. सगळ्यांना वाटण्याइतका स्वस्त नाही, दुकानदारासमोर चार बागांत दाखवलात तरी पुरे. आमच्याकडे कुणी असं करून दाखवलं असतं तर मी नोझल कधीच बदलले असते.

भित्तिपत्रक:
नोझल अडलं की नेमकं तेव्हाच नाव समोर, या वेळ साधण्यावरून 2013 च्या प्रयागच्या कुंभातलं लाइफबॉयचं काम आठवलं. तिथल्या खानावळींतल्या पोळ्यांवर गरम शिक्क्यानं 'लाइफबॉयने हात धुतले का?' असं हिंदीत उमटवलं होतं. अशा 25 लाखांच्या वर पोळ्या. शाई नाही, कागद नाही, आणि माणूस वाचणार तो जेवायला बसल्यावरच. तुमच्या ब्रशवरही नुसतं नाव कशाला? 'फुंकू नका, ब्रश मारा' लिहा.

भावाला अगदीच टोप्या हव्या असतील तर दुकानात काउंटरवर उभ्या असणाऱ्या पोरांना द्या. नोझल कुठलं घेऊ, हे शेतकरी त्यांनाच विचारतो.

जमाखर्च:
फुकट वाटलेल्या वस्तूवर क्रेडिट मिळत नाही, जीएसटी कायद्याचं कलम 17(5)(एच). पण नोझलच्या खोक्यातच ब्रश घालून दोन्हींची मिळून एक किंमत लावलीत तर ती भेट धरली जात नाही, 2019 च्या परिपत्रकात तसा खुलासा आहे. बिलात नीट दाखवा. दुकानदारांना मोठ्या वस्तू देणार असाल तर वर्षाला एकाला 20 हजारांच्या वर गेल्यास 10 टक्के टीडीएसचा विषय येतो. तुमची उलाढाल बघून सीएशी बोला.

नोझलवाला:
सगळ्यांचे आभार. चावीचा बेत रद्द, साखळी नक्की. बागाईतदार दादा, तो पिवळा कागद भावाला दाखवायचाच आहे, तुम्ही कुठून आणता?

खोक्यात ब्रश घालायचा तर नव्या गिऱ्हाइकालाच मिळणार, आणि माझा रोख दुसऱ्याचं नोझल वापरणाऱ्यावर आहे. जुनं नोझल आणून दाखवणाऱ्याला दुकानातून ब्रश फुकट, असं केलं तर? तेवढ्या नगांचं क्रेडिट गेलं तरी चालेल. पण दुकानदार हे नीट सांभाळतात का? असं कुणी राबवलं असेल तर जरूर लिहा.