मनसरच्या हिडिंबा टेकडीवर लेकरांना घेऊन जायचंय

रानपाखरू: रविवारी रामटेकला जाऊन राहिली, सोबत आई अन् दोन लेकरं. मनसरची टेकडी पण करायची आहे, अवशेष तर पाहूच पण झाडं-पाखरं पण दाखवायची आहेत, तर कधी जावं?

धाबेकर: ताई, सकाळीच जा, ऊन चढलं की विटा लय तापतात. वाकाटक राजघराण्यातला राजा दुसरा प्रवरसेन, पाचव्या शतकातला, त्याची राजधानी प्रवरपूर ती हीच असं बरेच अभ्यासक मानतात. घाई नका करू, भिंतीतले विटांचे अर्धस्तंभ जवळून पाहा, हात नका लावू पण, खूप जपायची जागा आहे ती.

मोहफूल: वरून खालचा तलाव दिसतो तिथं थांबाच. काठावर पाणकावळे पंख पसरून वाळवत बसतात, लेकरं हलणार नाहीत तिथून! पळस पाहायचा तर फेब्रुवारी-मार्चात परत या.

रानपाखरू: आईचे गुडघे दुखतात, जमेल का?

मोहफूल: हळूहळू चढा ना, नाहीतर मावशींना तलावाकाठी बसवा, पाखरं तिथंच जास्त. पाणी घरूनच न्या.

धाबेकर: अन् टेकडीवरची शिवाची मूर्ती १९७२ मध्ये सापडली, ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, लेकरांना फोटो आधीच दाखवून ठेवा.