विक्री होते, पण गल्ल्यात उरत नाही
किराणा दुकानात विक्री बरी होते, पण महिनाअखेर हातात काही राहत नाही, असं एका दुकानदाराने विचारलंय. त्यावर ‘भाव वाढवा’ हे उत्तर मला घाईचं वाटतं. आधी घरात जाणारा माल बघा. साबणाची वडी, साखरेचा पुडा घरच्यांनी उचलला की तो कुठेच लिहिला जात नाही आणि तूट दुकानाच्या नावावर पडते. गल्ल्याशेजारी वेगळी वही ठेवा. वस्तू उचलली की खरेदीभावाने तिथल्या तिथे नोंद. (रात्री आठवून लिहिलेली वही म्हणजे नुसती करमणूक.)

दुसरं, 100ला घेऊन 120ला विकलं की 20 टक्के सुटले असं धरतात. 120च्या विक्रीवर ते 16.67 टक्केच भरतात. त्यात 5 टक्के सूट दिली तर 114 येतात, म्हणजे 20पैकी 6 गेले: नफ्यातला 30 टक्के वाटा.

तिसरं, खराब होणारा माल. फळीवर नवा माल मागे, जुना पुढे, हे सगळ्यांना माहीत असतं. सुट्या पिठाच्या डब्यात मात्र चूक होते. वरून नवं ओतलं की तळाचं तसंच राहतं आणि किडे तिथूनच वर येतात. डबा पूर्ण रिकामा करून, तळाचे कोपरे कोरड्या फडक्याने पुसून मगच भरा.